रूल बरोबर हाय, लगा!

आज सकाळी दहाला कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेलो ते रात्री साडेआठला बाहेर पडलो. दिवसभरात पोटात गेला तो गेटसमोरच्या गाड्यावरचा एक कटवडा. आणि एवढं राबून फायरवॉलवरच्या नॅटच्या रूलमध्ये (बाहेरून आलेल्याचा पत्ता बदलून त्याला आतल्या ठराविक मशीनकडं वळवायचा नियम) मी बदललं काय? काहीही नाही. एक अक्षर नाही. कारण तो पहिल्यापासून बरोबर होता!

बिलिंगचा सर्व्हर कारखान्यात, बिलं करणारी माणसं उद्यमनगरच्या ऑफिसात. उद्यमनगरच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ८४४३ पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, कुणी आलं तर फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यानं, त्याला आत १९२.१६८.१.५० कडे सोडायचं, बाकी जगाला दार बंद. रूल एवढाच. (व्हीपीएन, म्हणजे दोन ऑफिसांमधला खाजगी बोगदा, का नाही, असं विचारणाऱ्यांनी मालकांना विचारावं. मी विचारून दमलो.) मालकांनी गेल्या आठवड्यात स्वस्तातली नवीन लाईन घेतली आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर उघडेना. कास्टिंग भरलेली गाडी गेटवर उभी, बिल निघेना, ड्रायव्हर तंबाखू मळत माझ्याकडं बघतोय. आणि सगळ्यांचं एकच, "फायरवॉलचा प्रॉब्लेम हाय."

बघितलं. रूलचा काउंटर, म्हणजे किती पॅकेटं (डेटाचे तुकडे) त्या रूलला लागली तो आकडा, शून्य. वॅन पोर्टवर, म्हणजे बाहेरची लाईन फायरवॉलला लागते तिथं, येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारा पॅकेट कॅप्चर लावला आणि उद्यमनगरला पन्नास वेळा प्रयत्न करायला लावले. एक पॅकेट दिसलं तर शपथ. पत्र गावातच आलं नाही तर पोस्टमन वाटणार काय, कपाळ? मग वॅनचा पत्ता बघितला, १००.७२ नं सुरू होणारा. तिथंच डोस्कं फिरलं.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेटवाल्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. म्हणजे लाईनवाल्याचं स्वतःचंच एक मोठं नॅट मध्ये बसलंय आणि एका पब्लिक (बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या) आयपीमागं कितीतरी गिऱ्हाईकं कोंबलीत. आता आयपीव्ही४ चे पत्ते मुळातच ४२९ कोटींच्या आसपास, आशियाचा साठा तर २०११ मध्येच तळाला गेला, त्यामुळं असलं लाईनवाल्याचं नॅट, म्हणजे सीजीनॅट, करावं लागतं हे मलाही कळतं. करा की! पण लाईन विकताना "पब्लिक आयपी मिळतोय की साहेब" असं छातीठोक कशाला सांगता? त्यांच्या नॅटवर माझ्यासाठी रूल नाही, मग मी इकडं हजार रूल लिहिले तरी उपयोग काय?

हेल्पलाईनवर चाळीस मिनिटं. "सर, राउटर बंद करून चालू करा." केलं. "सर, फायरवॉल काढून बघा." अहो, पॅकेट फायरवॉलपर्यंत येतच नाही! "सर, स्पीड तर चांगला येतोय." मी स्पीडबद्दल एक शब्द तरी काढला होता का? शेवटी वरच्या माणसानं कबूल केलं, स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या पब्लिक पत्त्याचे, जादा पैसे पडतील. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू ते पैसे माझ्या खिशात जाणार.

आयपी दिला, पण मोडेमवर. म्हणजे आता मोडेमचं एक नॅट, माझं एक नॅट. त्यात मोडेमनं फायरवॉलच्या वॅनला पत्ता दिला १९२.१६८.१.२, आणि लॅनही, म्हणजे कारखान्यातलं आतलं नेटवर्कही, १९२.१६८.१! दोन्हीकडं एकच गल्ली, फायरवॉलनं जायचं कुठं? मोडेम ब्रिज मोडला टाका (म्हणजे त्याचं नॅट बंद, पत्ता थेट फायरवॉलला) म्हटलं, तर पासवर्ड लाईनमनकडं, आणि लाईनमन दीड तास "तावडे हॉटेलपाशी आलोय." तेवढ्यात मेसेज आला, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कृपया पाचपैकी तारे द्या."

साडेसहाला ब्रिज झाला. काउंटर हलला! पॅकेट आलं, नॅट झालं, सर्व्हरकडं गेलं, आणि परत काहीच नाही. सर्व्हरवाल्या पोराला फोन केला. "दादा, सर्व्हर ओके हाय. लॅनवर उघडतंय की." लॅनवर उघडणारच रे खुळ्या, त्याला गेटवे (आतल्या नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) लागत नाही! बघतो तर गेटवे जुन्या राउटरचा. तो राउटर कपाटात, धूळ खात. या बाबानं चार दिवसांपूर्वी नेटवर्क कार्ड बदललं आणि डायरीतला जुना आकडा टाकून मोकळा झाला. उत्तरं बिचारी कपाटातल्या राउटरला शोधत होती.

आकडा बदलला, उद्यमनगरला धडाधड उघडलं. आता मालक आत बसून, कारखान्याच्याच वायफायवर, बाहेरच्या पत्त्यानं उघडून बघणार. "इथं तर लागत नाही." हेअरपिन नॅट, म्हणजे आत बसून बाहेरच्या पत्त्यानं परत आत यायची भानगड, समजावत बसायची ताकद माझ्यात उरली नव्हती. उद्यमनगरला फोन करून विचारा म्हटलं. "रिचार्ज संपलाय."

गाडी सुटली, मीही सुटलो. घरी येऊन ग्रुप उघडला तर सर्व्हरवाल्या पोराचा मेसेज, "सर्व्हर ओके होता. फायरवॉलचा प्रॉब्लेम होता, आता सुटला." खाली मालकांचा अंगठा.