सभासद वाढले म्हणजे संस्था वाढली?

‘ज्या विद्वत्सभेचे सभासद आणि व्याख्यानं दरवर्षी वाढत नाहीत, ती मरणपंथाला लागली’ हे विधान सध्या मोठ्या उत्साहाने पुढे पाठवलं जातंय. (विद्वत्सभा म्हणजे अभ्यासकांची संस्था.) त्यामागे तीन कारणं दिली जातात. तिन्ही तपासून पाहू.

पहिलं कारण: सभासद जितके जास्त, तितकी संस्था बळकट. लंडनच्या रॉयल सोसायटीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे सभासदांची वाण नव्हती, पण त्यांतल्या बहुतेकांचा विज्ञानाशी फारसा संबंध नव्हता. १८४७ मध्ये नियम बदलला: वर्षाला नवे सभासद फक्त १५, तेही शास्त्रीय कामाच्या बळावर. मग एकूण संख्या हळूहळू उतरत गेली आणि त्याच काळात ती खऱ्या अर्थाने शास्त्रज्ञांची संस्था झाली. त्या वर्षांचे नुसते आकडे पाहिले, तर तिला उतरती कळा लागली असंच कुणीही म्हणेल.

शिवाय हा आकडा बनतो कसा, तेही पाहायला हवं. आजीव सभासदाचं नाव एकदा वहीत चढलं की ते सहसा खाली येत नाही. कित्येकदा माणूस गेला तरी नाव राहतं. वर्षभरात शंभर नवे आले आणि नव्वद वार्षिक सभासदांनी वर्गणी भरायची सोडली, तरी अहवालात ‘दहाने वाढ’ एवढंच छापलं जातं. ते नव्वद का गेले, हे कुणी विचारत नाही. मला तर तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरं कारण: व्याख्यानं वाढली की ज्ञान वाढतं. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये कलकत्त्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही विज्ञानसंस्था काढली. तिथे कित्येक वर्षं मुख्यतः व्याख्यानंच झाली. महेंद्रलालांना मूळ संशोधन हवं होतं, पण त्यासाठी पुरेसा पैसा कधी उभा राहिला नाही. १९०४ मध्ये ते गेले. १९०७ मध्ये अर्थखात्यात नोकरी करणारे चंद्रशेखर वेंकट रामन तिथे येऊ लागले आणि कचेरीच्या वेळेआधी नि नंतर प्रयोग करू लागले. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा (पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाच्या काही भागाची तरंगलांबी बदलते, याचा) शोध याच संस्थेच्या प्रयोगशाळेतला. व्याख्यानांनी संस्थेचं दार उघडं ठेवलं, हे मी मनापासून मानतो. पण शोध लागला तो आत उपकरणं होती आणि ती वापरू देणारी माणसं होती म्हणून. व्याख्यानांच्या संख्येत यातलं काहीच दिसलं नसतं.

तिसरं कारण पैशाचं: सभासद वाढले की तिजोरी भरते. आजीव वर्गणी एकदाच येते. अंक, टपाल, ग्रंथालय यांचा खर्च मात्र दरवर्षी असतो. त्यामुळे अशा सभासदांची भरती त्या वर्षी तिजोरी भरते आणि पुढच्या कार्यकारिणीवर बोजा टाकते. म्हणून वार्षिक सभेत अहवाल हाती आला की एकूण संख्येच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षीच्या किती सभासदांनी वर्गणी पुन्हा भरली, आणि झालेल्या व्याख्यानांपैकी किती लेखी स्वरूपात जपली गेली?