पळसाचा पाठ "सहल" नव्हता

नमस्कार. आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. चौथीच्या मुलांसोबत पळस बघायला गेलो, त्या लेखाखाली आपण लिहिलंत: "परीक्षेच्या तोंडावर पोरांना उन्हात फुलं वेचायला नेणं ही सहल झाली, विज्ञान नव्हे. चार पाकळ्या हेही चूक. आणि निष्कर्ष मुलांनी काढला की बाईंनी सांगितला, ते दिसत नाही."

पाकळ्यांचं मान्य. पळसाला पाकळ्या पाच. चोचीसारख्या भागात दोन जुळलेल्या असतात, त्या आम्ही एकच मोजल्या. दुरुस्ती केली आहे.

पण "सहल" हा शब्द लागला मला. मी शिकले त्या शाळेत प्रयोगाचं सामान काचेच्या कपाटात कुलूपबंद असायचं. भिंग पहिल्यांदा हातात आलं ते डी.एड.ला. आपल्या वर्गात असं होऊ द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं, आणि 19 वर्षं तेच करतेय. नागपूरचं मार्चचं ऊन मला कुणी सांगायला नको. आम्ही शनिवारी सकाळी साडेसातला गोरेवाड्याच्या बाजूला होतो, आणि फुलं वेचली ती खाली पडलेलीच.

एका मुलीने नखाने फूल उकललं आणि पुंकेसर पाटीवर मांडले. नऊ एका जुडीत, दहावा सुटा. "बाई, हा एकटा काऊन?" असं विचारून ती दुसरं फूल उकलायला बसली, मग तिसरं. "पळसाला पाने तीनच" सगळ्यांना तोंडपाठ, आणि झाडावर एकही पान नाही! मग आमचे पोट्टे पाचोळा उपसत राहिले, एका देठावरची तीन पानं सापडेपर्यंत. वर्गात फुलं उकळली. पिवळ्या पाण्यात चुन्याची निवळी पडली तसं पाणी गडद केशरी झालं. फोटो पाहून घरबसल्या याला सहल म्हणणं सोपं आहे हो. चाळीस मुलांना घेऊन एकदा चालून बघा तुम्ही.

परीक्षेची उजळणी वेळेत झाली. निष्कर्ष कुणी काढला यावर वाद घालणार नाही. वर्गात मी होते, तुम्ही नव्हता.

येत्या शनिवारी त्याच झाडाखाली शेंगा बघायला जातोय, साडेसातलाच. पळसाच्या चपट्या शेंगेत बी एकच आणि तेही टोकाला, ते का, हे पोरांना शोधायचंय. यायचं असेल तर जरूर या. मुलांसमोर मात्र हा सूर लावू नका.