दिएगो म्हणजे सांतियागो नव्हे

मॅराडोनाच्या चाहत्यांपासून ते बाळांच्या नावांच्या याद्यांपर्यंत एक दावा फिरत असतो: ‘सांतियागो’ची फोड चुकून ‘सान तियागो’ अशी झाली, तियागोचं दिएगो झालं, म्हणून दिएगो म्हणजे संत याकोब (येशूचा प्रेषित, इंग्रजीत सेंट जेम्स) आणि नावाचा अर्थ ‘टाच धरणारा’. यातली पहिली पायरी खरी आहे, म्हणून बाकीचीही खपून जाते.

‘सांतियागोची चुकीची फोड झाली.’ झाली, पण तिथून निघालं ते तियागो. लॅटिन याकोबुसचं जुन्या स्पॅनिशमध्ये यागो झालं; ‘सांत यागो’ जोडून सांतियागो. पुढे लोकांनी ‘त’ दुसऱ्या शब्दाला चिकटवला आणि पोर्तुगीजांना तियागो हे नाव मिळालं.

‘तियागोचं दिएगो झालं.’ इथे गाडं अडतं. लॅटिनमधला ‘त’ स्पॅनिशमध्ये ‘द’ होतो तो दोन स्वरांच्या मध्ये सापडला तर: वीताचं विदा (आयुष्य). शब्दाच्या सुरुवातीचा ‘त’ टिकतो (तेर्राचं तिएर्रा), आणि ‘न’नंतरचाही टिकतो (पोंतेमचं पुएंते). ‘सान तियागो’तला ‘त’ या दोन्ही सुरक्षित जागी आहे. शिवाय यागोतला ‘आ’ जाऊन ‘ए’ का यावा, याचंही उत्तर मिळत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा जुन्या दस्तऐवजांत आहे. मध्ययुगीन लॅटिन लेखनात दिएगो नावाचा माणूस ‘दिदाकुस’ म्हणून येतो, याकोबुस म्हणून नाही. दिएगो हेल्मीरेस हा ११२० साली स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला शहराचा पहिला आर्चबिशप झाला. त्यानेच लिहवून घेतलेल्या इतिहासात तो स्वतः दिदाकुस आहे आणि ज्याच्या थडग्यामुळे त्या शहराला महत्त्व आलं तो प्रेषित याकोबुस आहे. दोन्ही नावं एकच असती तर संताशी नामसाधर्म्य मिरवण्याची संधी या महत्त्वाकांक्षी गृहस्थाने सोडली नसती! वडिलांच्या नावावरून पडणारं आडनावही तेच सांगतं. एल सिद या मध्ययुगीन स्पॅनिश योद्ध्याच्या वडिलांचं नाव दिएगो, म्हणून तो रोद्रिगो दियास (दिएगोचा मुलगा). लॅटिनमध्ये ‘रोदेरिकुस दिदाची’, म्हणजे दिदाकुसचा रोदेरिकुस.

‘अर्थ: टाच धरणारा.’ हा अर्थ हिब्रू याकोबचा. तो यागो, हाकोबो, हाइमे यांना लावा. दिएगोला काही याद्या ग्रीक ‘दिदाखे’वरून ‘शिकवण देणारा’ असा अर्थ देतात, पण तोही ठामपणे छापण्याजोगा नाही. दिदाकुस हेच मूळ रूप, की बोलीतल्या जुन्या नावाला कारकुनांनी चढवलेला लॅटिन साज, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही.

पोर्तुगीजमध्ये तर तियागो आणि दिओगो ही दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदतात. गोव्यात १६१६ साली वारलेला इतिहासकार दिओगो दो कोउतो यातल्या दुसऱ्या नावाचा.

‘अमेरिकेतलं सॅन डिएगो शहर संत याकोबच्या नावाचं.’ नाही. स्पेनसाठी सफरीवर निघालेल्या काब्रियो या दर्यावर्दीने १५४२ साली त्या बंदराला सान मिगेल म्हटलं होतं. पुढे सेबास्तियान विस्काइनो या स्पॅनिश दर्यावर्दीने नोव्हेंबर १६०२ मध्ये ते नाव बदललं ते स्पेनमधल्या आल्कालाच्या संत दिएगोवरून. हा फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथाचा) बंधू १४६३ साली वारला, १५८८ साली संत घोषित झाला, आणि त्याचा सण नोव्हेंबरातच येतो. प्रेषित याकोबचा सण २५ जुलैला असतो.