सर कामगिरीवर, नोटीस बाईंना

आमच्या शाळेतल्या बाईंना तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातून नोटीस आली. चोवीस तासांत खुलासा द्या. ‘विहित मुदतीत माहिती सादर केलेली नाही, ही बाब गंभीर असून आपणाविरुद्ध प्रशासकीय कार्यवाही का करण्यात येऊ नये’ वगैरे वगैरे, पुढची भाषा तुम्हाला पाठच असेल. माहिती कसली? शाळेच्या परसबागेची. वाफे किती, भाजी कोणती, उत्पादन किती किलो, फोटो लिंकवर टाका, आज दुपारी तीनच्या आत, निरंक असल्यास निरंक कळवा. बाईंनी निरंकसुद्धा कळवलं नाही, म्हणून बाई कामचुकार.

आणि ही माहिती तालुक्याला गोळा कोण करतंय? आमच्याच शाळेचे सर! दिवाळीची सुट्टी संपल्यापासून सर ‘तात्पुरत्या कामगिरीवर’ तालुक्याच्या ऑफिसात बसलेत. सगळ्या शाळांच्या माहितीचे तक्ते भरतात, कुणाची आली, कुणाची राहिली याची यादी करतात. पहिली ते चौथी, पट 34, मंजूर शिक्षक दोन. त्यातला एक उचलून नेला आणि उरलेल्या एकीला विचारताय की माहिती का आली नाही? सरांचा पगार आमच्या शाळेवरच निघतो. हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे रोज ‘कामगिरी’ लिहिलं जातं. जागा कागदावर भरलेली आहे, त्यामुळे बदली शिक्षकही मागता येत नाही.

ही माहिती मागवली त्या दिवशी मी शाळेत होतो, म्हणून एवढा जळतोय. व्हरांड्यात चौथीच्या दोन पोरी पहिलीच्या पोरांना बसवून पाटीवर ‘क’ गिरवून घेत होत्या. आत दुसरी-तिसरी एका बाजूला, चौथीची उरलेली पोरं दुसऱ्या बाजूला. बाई फळ्यावर हातच्याची वजाबाकी शिकवत होत्या आणि टेबलावर त्यांचा फोन सारखा थरथरत होता. मधेच तांदळाचा टेम्पो आला, बाई पोती मोजायला बाहेर. परत आल्या तर पहिलीतलं एक पोर पडून गुडघा फोडून घेतलेलं. मग हळद लावली. मग खिचडीची चव घेऊन चव नोंदवहीत सही. मग पोरांना जेवायला बसवलं. साडेतीनला बाईंनी फोन हातात घेतला तेव्हा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर आमच्या शाळेचं नाव ‘माहिती अप्राप्त’ यादीत लागलेलं होतं, लाल अक्षरांत. खाली इतर शाळांचे हात जोडलेले आणि अंगठे. हे अंगठे कोण देतं आणि कशासाठी देतं? मला त्या अंगठ्यांचा मनापासून तिटकारा आहे.

बाईंना बोलता येत नाही. नोकरी आहे, वर्तणूक नियम आहेत. मला कसले नियम? माझी पोरगी तिसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. म्हणून आम्ही समितीची सभा घेतली, प्रोसिडिंग बुकात रीतसर ठराव लिहिला की सरांची कामगिरी रद्द करून त्यांना मूळ शाळेवर परत पाठवावं. सगळ्या सदस्यांच्या सह्या. चार आया रोजगार बुडवून आल्या होत्या सभेला. ठरावाची नक्कल घेऊन मी तालुक्याला गेलो.

साहेब मीटिंगला जिल्ह्याला. अर्थातच. तिथल्या कारकून भाऊसाहेबांनी कागद घेतला, वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाले, “अध्यक्ष, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? बाईंनी पाठवलं का?”

बाईंनी पाठवलं का! चौतीस पोरांचे आईबाप स्वतःच्या डोक्याने ठराव करूच शकत नाहीत असं यांना वाटतं. गावातल्या माणसाला पोराच्या शिक्षणाची चाड असेल ही कल्पनाच यांच्या डोक्यात शिरत नाही. कुणीतरी फूस लावल्याशिवाय हा इथपर्यंत आलाच कसा! मी आवाज चढवला. चढणारच. तेव्हा ते अगदी समजुतीने म्हणाले, “समितीचं काम शाळेला सहकार्य करायचं असतं. उद्या बाईंचीच चौकशी लागली तर?” ही धमकी होती. चहा मागवून, हसत हसत दिलेली धमकी. पोचपावती मागितली तर आवक-जावकचा माणूस रजेवर. आणि काचेपलीकडे आमचे सर बसलेले, मान खाली घालून, समोर कॉम्प्युटर. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांचा राग येत नाही मला. ते मागून घेतलेलं काम नव्हतं.

त्यानंतर आठवड्याच्या आत बाईंना ती नोटीस. आता सांगा, परसबागेसाठी आली का ठरावासाठी?

मी घरी येऊन कायदा काढून वाचला. शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. कलम 25 मध्ये स्वच्छ लिहिलंय की शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येणार नाही. कलम 27 मध्ये अपवाद दिलेत: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. झालं, संपली यादी. तालुक्याचे तक्ते भरणं त्यात कुठं बसतं? साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. कलम 21 मध्ये आमची समिती आहे, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. कायद्याने आम्हाला शाळेच्या कामावर देखरेख ठेवायला सांगितलंय, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायला सांगितलंय, शाळेचा विकास आराखडा करायला सांगितलंय. आणि आमचा उपयोग काय होतो? सही. आराखडा तयार होऊन येतो, सही करा. खर्चाची पावती येते, सही करा. ठराव आम्ही केला की ‘समितीला तसा अधिकार नाही’.

अनुदानाचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या नियमाने वर्षाला 25 हजार संयुक्त अनुदान, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वर्षभर खडू, झाडू, फिनेल, झेरॉक्स बाईंच्या पर्समधून. पैसे कधी येतात? मार्चच्या शेवटी, तेही तुकड्याने. आणि लगेच निरोप की 31 तारखेच्या आत खर्च करा नाहीतर परत जातील. मार्चअखेर रात्री बँकेच्या लॉगिनसमोर बसून शाळेचा विकास होतो!

गणवेश आठवतो का? 600 रुपयांत दोन गणवेश समिती गावातच शिवून घ्यायची, पोरांच्या मापाने. ते बघवलं नाही. 2024 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आणला. माझ्या पोरीला आला तो शर्ट गुडघ्यापर्यंत, शेजारच्या पोराला आला तो पोटावर चढलेला, आणि सगळं येईपर्यंत पावसाळा गेला. डिसेंबरमध्ये निर्णय फिरवला, पुन्हा समितीकडे. मधल्या वर्षाचा जाब कुणी दिला?

अंडी. पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, पोरं त्या दिवशी हटकून शाळेत यायची. 28 जानेवारी 2025 ला शासन निर्णय आला की अंड्याला आणि साखरेला वेगळे पैसे मिळणार नाहीत, अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक, करायचे तर लोकसहभागातून करा. आमच्या वस्तीवरची निम्मी घरं दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात. लोकसहभाग कुणाकडून मागू? आणि त्या चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या ताईंना महिन्याला 2,500 रुपये. बांगड्या काळ्या होतात धुराने त्यांच्या.

कोयत्यावर गेलेल्यांचीच पोरं आधारमध्ये अडकलीत. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बोटाचे ठसे जुळत नाहीत, तालुक्याचं आधार केंद्र कधी सुरू कधी बंद. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती द्यायचे याचा हिशेब, आधार जुळलेल्या पटावर. म्हणजे पोर वर्गात बसलंय, पाढे म्हणतंय, खिचडी खातंय, पण शिक्षकांची पदं मोजताना ते नाही. त्याचं आधार दुरुस्त करायला कोण पळतं? बाईच.

खोलीचं तर काय सांगू. जुन्या खोलीचं छत गळतं, भिंतीला तडा गेलाय. निर्लेखनाचा, म्हणजे खोली मोडीत काढायचा, प्रस्ताव कधीचा गेलाय. पाडायला परवानगी नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत कारण पाडायची आहे. चारही वर्ग एका खोलीत आणि व्हरांड्यात बसतात ते हौसेने नाही. लाइटचं बिल थकलं म्हणून जोडणी तोडली होती, तेव्हा भिंतीवरचा टीव्ही फडक्याने झाकून ठेवला होता बाईंनी. आणि त्याच महिन्यात ‘डिजिटल साधनांचा वापर’ याची माहिती भरायची लिंक आली.

कुणाकडे जायचं ते तरी सांगा. पूर्वी निदान जिल्हा परिषदेचा आमच्या गटातला सदस्य असायचा, शिक्षण सभापती असायचा. भांडता यायचं, मत मागायला येशील तेव्हा बघतो म्हणता यायचं. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले, आणि पुढची तीन वर्षं निवडणुकीचं नावच निघालं नाही. ज्यांनी प्रश्न विचारायचे आणि ज्यांनी उत्तरं द्यायची, दोघांच्या खुर्चीत एकच साहेब होता.

आता पुढं काय होणार ते मी आजच लिहून ठेवतो. एकच शिक्षक आहे म्हणून वस्तीवरची दोन-तीन घरं जूनमध्ये पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवणार. कालच एक बाप मला म्हणाला, “अध्यक्ष, तुमची शाळा बरी आहे, पण मास्तर कुठंय?” काय उत्तर देऊ? चौतीसचे अठ्ठावीस होतील, मग बावीस. मग वीसच्या आत. आणि वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं याचे बेत सरकारने आधीच मांडून दाखवलेत. 2023 मध्ये समूह शाळांचे, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायचे, प्रस्ताव मागवले, तसं आधीच केलेल्या पानशेतचा दाखला देऊन. 15 मार्च 2024 ला संचमान्यतेचे निकष बदलले. त्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, 15 हजारांवर, असा निर्णय काढला. 25 सप्टेंबरला शिक्षक राज्यभर रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो मागे घ्यावा लागला. परत आणायला किती वेळ लागतो? शिक्षक यांनी पळवायचा, पट आपोआप घसरू द्यायचा, आणि मग बाईंनाच विचारायचं की पट का घसरला, तातडीने अहवाल सादर करा. पहिलीतली पाच-सहा वर्षांची पोरं मग ओढा ओलांडून पुढच्या गावाला जाणार का? पावसाळ्यात त्या ओढ्याला कमरेएवढं पाणी असतं. तिथे पूल बांधायची माहिती कुठल्याच लिंकवर मागत नाहीत.

बाईंनी खुलासा लिहिलाय. मी वाचला. त्यांनी ‘यापुढे दक्षता घेईन’ असं लिहिलं होतं, ते वाक्य मी त्यांना खोडायला लावलं. त्याजागी लिहिलंय की त्या दिवशी शाळेत चार वर्ग होते आणि शिक्षक एक होता, दुसरे शिक्षक आपल्याच कार्यालयात होते. सोबत समितीचा ठराव पुन्हा जोडलाय, कलम 25 ची प्रत जोडलीय, आणि यावेळी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना, एक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. आवक-जावकचा माणूस रजेवर असला तरी पोस्टाची पावती माझ्याकडे आहे.

आणि सर वर्गात परत येईपर्यंत समितीच्या कुठल्याही कागदावर माझी सही होणार नाही. आराखड्यावर नाही, मार्चच्या खर्चावर नाही, कुठल्या अभियानाच्या प्रमाणपत्रावर नाही. पोषण आहाराचे कागद तेवढे अडवणार नाही, त्यात पोरांचं जेवण आहे आणि ताईंचे पैसे आहेत. शेजारच्या दोन वस्त्यांच्या शाळेतलेही शिक्षक असेच उचललेत म्हणे. तिथल्या अध्यक्षांनी ठराव करून ठेवा. सोमवारी बाजारच्या दिवशी मी तालुक्याला आहे, सगळे मिळून जाऊ.