वाकडचे ८० टक्के

आमचा भाचा पुण्यात वाकडला ९० लाखांचा फ्लॅट बघून आलाय आणि घरच्या ग्रुपवर रोज रिझर्व्ह बँकेच्या नावानं खडे फोडतोय. तिच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, म्हणजे १८ लाख पदरचे. शिवाय स्टॅम्प ड्यूटीचे सहा लाखांवर, ते तर किमतीत धरतच नाहीत. ‘मामा, तुमच्याकडे अमेरिकेत तीन टक्के भरले की किल्ली हातात!’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

तीन टक्के मिळतात, पण फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन कंपन्या घेतात त्या कर्जांच्या मूळ मर्यादेत, वर पीएमआय, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा, भरून. २०२६ साठी ती ८,३२,७५० डॉलर आहे. आमच्या सांता क्लारा काउंटीत १२,४९,१२५ पर्यंत ताणलीय, पण तिथवर गेलात की तीन टक्के विसरा. त्याच्याही वरचं कर्ज म्हणजे जम्बो, ते या कंपन्या घेतच नाहीत, आणि जम्बोवाले सात पिढ्यांची कागदपत्रं मागतात.

दर नोव्हेंबरला घरांच्या भावांवरून ही मर्यादा ठरते. भाव चढले की चढते, पडले तर नुसती थांबते. २००८ च्या पडझडीतही मूळ आकडा हलला नाही. २०१६ पर्यंत ४,१७,००० वरच होता. त्यानंतर दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. घर स्वस्त झालं का? जम्बोऐवजी साधं कर्ज मिळालं त्याचं भलं झालं, नाही म्हणत नाही. पण ओपन हाउसला, म्हणजे विकाऊ घर बघायला, आलेल्या सगळ्यांचंच भलं झालं, आणि बोली वर गेली.

वाकडला वेगळं काय होणार? बँकेनं ८० ऐवजी ९० टक्के दिले तर नऊ लाख कर्ज जास्त. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरली तर महिन्याला सुमारे ७,८०० रुपये जादा हप्ता. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्त कर्ज मिळतंय, हे बिल्डरला कळायला दिवाळी उजाडावी लागत नाही.

भाच्याचं उत्तर आलं, ‘डॉलर पाठवून बाणेरला फ्लॅट घेणाऱ्यांनी हे शिकवू नये.’ तो आईसाठी घेतला होता, असं मी तडकून लिहिलं. आई गेल्यापासून तो भाड्यानं दिलाय, हे लिहिलं नाही. विकवत नाही, विकला तर पुण्यात कुणाकडे तरी उतरावं लागेल, पाहुण्यासारखं. इकडे नोव्हेंबरचा आकडा वाढला की मी पहिल्यांदा झिलो या घरांचे भाव दाखवणाऱ्या साइटवर आमच्या सनीव्हेलच्या घराची किंमत बघतो आणि परत जाण्याचा हिशोब मांडतो. बाणेरच्या भाडेकरूचा अकरा महिन्यांचा करार मात्र परवाच पुन्हा केला, भाडं वाढवून.