मुळाशी पाणी ओतून फळातलं खत धुतलं जात नाही

परसबाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत सगळीकडून तो माझ्याकडे आला, प्रत्येक वेळी 'हे खरं का?' या प्रश्नासकट. थोडक्यात मजकूर असा: परदेशात गांजाची कायदेशीर शेती करणारे लोक कापणीआधी दोन आठवडे खत पूर्ण बंद करतात आणि मुळाशी नुसतं पाणी भरपूर सोडतात. त्याने झाडात साठलेली रसायनं धुऊन निघतात, माल स्वच्छ जळतो, राख पांढरी पडते. हीच युक्ती मिरची, तांबडी भाजी (लाल माठ), कलिंगडाला लावा, फवारणीचं विषही निघून जाईल. शेवटच्या आठवड्यात गुळाचं पाणी द्या, फळ गोड होईल.

गांजाचं आधी उरकतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली परवान्याशिवाय ही लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. औषधी लागवडीचा प्रस्ताव गोव्यात २०२० च्या अखेरीस आला तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा ते झाड इथे फक्त दाव्याचं मूळ म्हणून.

आणि मुळातच दावा डळमळीत आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २०१७ मध्ये झालेल्या प्रबंधात हे तपासलं गेलं, तर शेवटी नुसतं पाणी दिल्याने फुलांतल्या खनिजांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. कोलोरॅडोतल्या एका कंपनीने शून्य, सात, दहा आणि चौदा दिवस खत तोडून पाहिलं. उत्पन्न, सुगंधी द्रव्यं, अंमल आणणारा घटक, कशातच म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ही कंपनी खतं विकणारी आहे हेही सांगायला हवं. 'खत बंद करू नका' या निष्कर्षात तिचा फायदाच आहे. पण विद्यापीठाला खत विकायचं नव्हतं, आणि उत्तर त्याच दिशेचं आलं.

असं का, हे कळलं की बाकीचे मुद्दे आपोआप सुटतात. खतातला नत्र (नायट्रोजन) झाडात शिरला की खत म्हणून राहत नाही. त्याची प्रथिनं होतात, हरितद्रव्य होतं. स्फुरद (फॉस्फरस) पेशींच्या केंद्रकात आणि पडद्यांत जातो. कॅल्शियम पेशींच्या भिंतींत बसतो आणि बसला की जागचा हलत नाही. मुळातून पाणी वर चढतं, पानांतून वाफ होऊन उडतं. आलेल्या वाटेने फळातली खनिजं घेऊन ते पुन्हा जमिनीत उतरत नाही. तुम्ही कुंडीत बादलीभर पाणी ओतलंत तर धुतली जाते ती माती.

'पण खत तोडलं की पानं पिवळी पडतात, म्हणजे काहीतरी निघून जातंच की!' जातं. कुठे जातं ते बघा. नत्राची ओढ लागली की झाड जुन्या पानांतली प्रथिनं मोडतं आणि तो नत्र कोवळ्या शेंड्याकडे, फुलाकडे, बियांकडे पाठवतं. म्हणजे जे तुम्ही खाणार त्याच्यातून बाहेर नव्हे, त्याच्याच दिशेने. संदेशातला पिवळ्या पानांचा फोटो पुरावा म्हणून टाकलाय, तो नेमका उलट्या गोष्टीचा पुरावा आहे.

पांढऱ्या राखेचं उत्तर तर चुलीजवळ आहे. ज्यांच्या घरी अजून न्हाणीचं पाणी लाकडावर तापतं त्यांना विचारा. सुकं लाकूड पुरतं जळलं की राख पांढरी, ओलं असलं की धूर आणि काळे कोळसे. राखेचा पांढरेपणा म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार. काळेपणा म्हणजे न जळलेला कार्बन. खनिजं 'धुऊन' गेली असती तर राख पांढरी न होता कमी झाली असती. फरक पडतो तो वाळवण्याने.

आता भाज्यांकडे. इथे संदेशात एक खरा कण आहे, आणि तो नाकारला तर माझंही म्हणणं खोटं ठरेल. पालेभाज्यांत नत्राचा काही भाग नायट्रेट म्हणून तसाच साठतो. तांबडी भाजी ज्या कुळातली, ते राजगिऱ्याचं कुळ नायट्रेट साठवण्यात पुढे. युरोपीय संघाने ताज्या पालकाला किलोमागे ३५०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे ती यासाठीच. कापणीच्या तोंडावर युरिया टाकला तर पाल्यात नायट्रेट वाढतं, थांबलात तर कमी होतं. पण कमी होतं ते धुऊन नाही: झाड उजेडात नायट्रेटचं रूपांतर करून वापरून टाकतं म्हणून. त्यामुळे ढगाळ दिवसांत आणि सावलीतल्या वाफ्यात ते जास्त, आणि पहाटेपेक्षा दिवसभर ऊन खाल्लेल्या पाल्यात संध्याकाळी कमी.

मग दोन आठवडे का नाही? तांबडी भाजी पेरल्यापासून महिनाभरात काढणीला येते. त्यातले दोन आठवडे उपाशी ठेवायची म्हणजे तिचं अर्धं आयुष्य. हाताला येईल ती लहान, चिवट आणि लवकर फुलावर आलेली भाजी. शेवटचा आठवडाभर युरिया नको, सुरुवातीला कुजलेलं शेणखत पुरेसं, आणि कापणी दुपार कलल्यावर. एवढ्याने भागतं. फक्त शेणखत घातलं म्हणून नायट्रेट नसतंच असंही नाही. मुळांना नायट्रेट युरियातून आलं की शेणातून, हे कळत नाही.

मिरचीला हा नियम लागूच होत नाही. गांजाचं झाड एकदाच कापतात. मिरची तोडत राहायची असते. एका फांदीवर लाल, हिरवी आणि फूल, तिन्ही एकदम. 'कापणीआधीचे दोन आठवडे' कुठून मोजणार? खत तोडलंत तर पुढचे तोडे गेले. काणकोणातली खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. धुण्यानेच गुण येत असता तर ती सगळ्यात आधी बेचव व्हायला हवी होती, कारण आषाढ तिला रोज धुतो.

कलिंगडाच्या बाबतीत तर सल्ला सरळ नुकसान करणारा आहे. पर्रा असो की पेडणे, कलिंगडवाला शेतकरी फळ पिकायच्या दिवसांत पाणी आवरतं घेतो. त्या वेळी भरपूर पाणी सोडलं तर फळ फुगतं, गोडी पातळ होते, तडकतंही. शिवाय फळ भरताना पोटॅश लागतं, तेही तुम्ही बंद केलेलं. एका झाडाची रीत दुसऱ्यावर लादली की असं होतं.

सगळ्यात घातक वाक्य मात्र फवारणीचं आहे. आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात आणि खतालाही 'रसायन', त्यामुळे दोन्ही एकाच बादलीत पडतात. कीटकनाशकाचा अंश फळावर असतो किंवा, आंतरप्रवाही (झाडात आत शिरणारं) असेल तर, पेशींत. तो कमी होतो ऊन, काळ आणि झाडाच्या स्वतःच्या क्रियेने. मुळाशी पाणी सोडण्याचा त्याच्याशी संबंध नाही. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते बाटलीच्या लेबलावर आणि सोबतच्या पत्रकात छापलेलं असतं. तेच औषध, पण भेंडीला मुदत वेगळी, मिरचीला वेगळी. ते न वाचता 'आठवडाभर पाणी मारलं, आता खा' म्हणून शेजारणीला वानोळा देणं, हे मला खताच्या सगळ्या घोळापेक्षा गंभीर वाटतं. दुकानदाराने पुडीत बांधून, लेबलाविना दिलेलं औषध तर घेऊच नये.

मुळाशी पाणी सोडून क्षार धुणं ही गोष्टच खोटी, असं मी म्हणत नाही. खाडीकाठच्या खाजन शेतीत हेच शतकानुशतकं चाललंय. पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, बाहेर सोडायचं, मग भात. कुंडीतल्या कोकोपीटवर किंवा कुंडीच्या काठाला पांढरा थर जमला, पानांच्या कडा करपल्या, तर तिथेही भरपूर पाणी देऊन खालून निथळू द्यावं. पण ते लक्षण दिसल्यावर, हंगामात कधीही; कापणीचा मुहूर्त धरून नाही. वाफ्यात तर नकोच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आपल्या जांभ्या मातीतला चुना, पोटॅश ओढून नेतो, म्हणूनच ती आंबट आहे. वर आपण एप्रिलमध्ये, विहिरीने तळ दाखवलेला असताना, उरलंसुरलं खत धुऊन काढायचं आणि त्यातला नायट्रेट त्याच विहिरीत पाठवायचा?

राहता राहिला गूळ. साखर पानात तयार होते आणि फळाकडे जाते. मुळातून गोडवा वर चढत नाही. जीवामृतात (शेण-गोमूत्राच्या द्रव खतात) गूळ असतो तो मातीतल्या जिवाणूंसाठी. कुंडीत ओतलात तर मुंग्या मात्र नक्की येतील, आणि मुंग्यांमागोमाग मिरचीवर मावाही.