वरण-भाताआधी ओटीपी
एका लेखात साताऱ्याहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या पोरांना वरण-भात नि कपडे धुणं शिकवा म्हटलंय. बरोबर आहे, पण भूक लागली की ते जमतंच. खरं अडतं ते कागदांत. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, नोंदणी करताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो आणि तो नंबर बहुधा वडिलांचा. ते कोरेगावला रानात, पोरगं कोथरूडच्या सायबर कॅफेत. सुट्टीतच आधार केंद्रावर पोराचा स्वतःचा नंबर घालून घ्या. बँकेत नुसतं ‘आधार लिंक आहे का’ विचारू नका, एनपीसीआय सीडिंग विचारा, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कुठल्या खात्यात जमा होतील त्याची नोंद. शिष्यवृत्ती सगळ्यात शेवटी सीड केलेल्या खात्यात जाते. ते शाळेतलं बंद पडलेलं खातं निघालं तर पैसे अडकले. ओबीसी वगैरेंना लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्यावरची ३१ मार्चची मुदतही बघा. आणि फॉर्म पोरालाच भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.